सील न तुटलेल्या बरण्या

सप्टेंबर आला की इथे जर्मनीत, येना गावातल्या आमच्या गल्लीत फुटपाथवर आलुबुखार पडून फुटतात. लांबट, जांभळे, आतून पिवळे. सायकलची चाकं चिकट होतात, बेकरीच्या काचेवर गांधीलमाश्या बसतात, ऑफिसात जो तो घरच्या आलुबुखाराचा केक घेऊन येतो. लोक या दिवसांना सोनेरी म्हणतात. म्हणोत बापडे. माझं मात्र या वासाने डोकं फिरतं. दोन वर्षं झाली, अजून फिरतं, आणि ते फिरू नये असं मला वाटतही नाही.

काल इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्याची ईमेल आली. सोबत नेहमीची एक्सेल शीट: डावीकडे नाव, उजवीकडे कोणी काय करून आणायचं. मसालेभात, अळूवडी, कोशिंबीर, श्रीखंड. आणि माझ्या नावापुढे 'पेपर प्लेट्स, चमचे, ज्यूस'. पाच वर्षं झाली मला या गावात येऊन. पाच वर्षांत माझ्या रकान्यातलं एक अक्षर बदललेलं नाही.

ही शीट मेघनाताई बनवतात. आमच्या मंडळाच्या त्या सर्वेसर्वा. बाई वाईट नाही, हाच तर सगळा घोळ आहे. पहिल्या हिवाळ्यात ट्रामच्या स्टॉपवर मी फोनवर मराठी बोलताना त्यांनी ऐकलं आणि अक्षरशः धावत आल्या. स्वतःची जास्तीची रजई दिली, आन्मेल्डुंगचा, म्हणजे पत्ता नोंदवायचा, फॉर्म भरून द्यायला ऑफिसात सोबत आल्या. 'मूळची कुठली गं तू?' नागपूर म्हणाले. 'नागपूरला कुठे?' मी वस्तीचं नाव सांगितलं. 'हो का,' म्हणाल्या, आणि मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं. पहिल्यांदा ऐकलं नव्हतं असं नाही. त्यानंतरही त्या गोडच वागल्या. फक्त शीटमध्ये प्लेट्स आल्या.

आणि मी? मला कळलं नाही. खरं सांगते, मला कळलं नाही. 'तू दिवसभर लॅबमध्ये उभी असतेस, तुला कशाला स्वयंपाकाचा ताप,' असं त्या म्हणायच्या आणि मला भरून यायचं. मी भिंगांवर थर चढवण्याच्या लॅबमध्ये काम करते. डोळ्याला दिसत नाही असा धुळीचा कण शोधून काढायचा मला पगार मिळतो. आणि दोन वर्षं मी हौसेने, तीन दुकानं फिरून, चांगल्या जाड प्लेट्स आणल्या. भाजीचा रस्सा सांडू नये म्हणून कडा उंच बघून घेतल्या. ज्या पंगतीत माझ्या हातचा घास चालत नव्हता, त्या पंगतीची ताटं मी निवडून निवडून आणत होते. हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती आग आधी माझ्यावरच असते.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आई आली होती, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आई नागपूरच्या शाळेची निवृत्त हेडमास्तरीण. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या बागेतले दोन बादल्या आलुबुखार दारात आणून ठेवले आणि तळघरातल्या जुन्या बरण्याही दिल्या. पूर्व जर्मनीच्या काळातल्या, जाड काचेच्या, झाकणही काचेचं आणि मध्ये रबराची चपटी कडी. आईने एक फळ चाखलं, आंबट तोंड केलं आणि म्हणाली, 'याचा मेथांबा होईल. गूळ आहे का घरात?' गूळ नव्हता, काळी साखर होती. मेथी, हळद आणि तिखट आईच्या बॅगेतून निघालं.

त्या बरण्या लावायच्या कशा हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. समोरच्या दारातली डेनिस आली आणि तिने बाह्या सरसावल्या. डेनिस अमेरिकेतल्या जॉर्जियाची, काळी, पन्नाशीची, इतिहासाची प्राध्यापक. वर्षभराच्या फेलोशिपवर आमच्या विद्यापीठात आली होती. रबराची कडी कोमट पाण्यात भिजवायची, बरणीची कड कोरडी पुसायची, काठोकाठ भरायची नाही, चाप लावून मोठ्या पातेल्यात उकळायची, गार झाली की चाप काढायचा. 'आता परीक्षा,' डेनिस म्हणाली आणि तिने नुसत्या झाकणाला धरून बरणी उचलली. आतली हवा सगळी निघून गेलेली, झाकण घट्ट. बरणी अधांतरी लटकली तरी सुटली नाही. आईने टाळ्या वाजवल्या. उघडायची असेल तर रबराची जीभ ओढायची, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो आणि झाकण सुटतं. 'पण एकदा उघडली की उघडली. मग ती परत आपोआप चिकटत नाही,' डेनिसने बजावलं. 'म्हणून बरणी खोटं बोलत नाही.'

हे सगळं तिला कुणी शिकवलं, तर तिच्या आजीने. आणि आजीला कुणी, ही हकिकत डेनिस दोन संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होती. तिच्या संशोधनाचा विषयच तो. दोन महायुद्धांच्या मधला काळ. काळ्यांचं सगळं वेगळं: नळ वेगळा, बाक वेगळा, दवाखान्याचं दार वेगळं, आणि वेगळं म्हणजे वाईट, हे सांगायला नको. काळ्या मुलांची शाळा कापसाच्या हंगामाप्रमाणे उघडायची आणि मिटायची, वर्षातले जेमतेम चार महिने. कापूस वेचायला मुलं लागायची, म्हणून बाकीचे महिने कुलूप. आणि गावात कधीतरी एका जुनाट मोटारीतून एक काळी बाई यायची. सरकारच्या शेतकी खात्याची, पण नावाला. गोऱ्या बाईला कचेरीत टेबल, हिला चर्चच्या तळघरात. पगार कमी. रस्त्यात कुठल्या हॉटेलात पाणी मिळायचं नाही, संडासाला जाता यायचं नाही. डबा सोबत घ्यायची आणि रात्री कुणा बाईच्या घरी पथारी टाकायची. बायकांना बरण्या लावायला शिकवायची, आणि त्यासाठी मोटारीच्या मागच्या सीटवर एक भला मोठा प्रेशर कुकर.

'कुकर?' आईने विचारलं.

'कुकर,' डेनिस म्हणाली. 'आमच्या गावात क्रांती कुकरमधून आली.'

थट्टा वाटली खरी, पण थट्टा नव्हती. जमीन मालकाची, दुकान मालकाचं, हिवाळ्यात घरात दाणा नसला की त्याच्याच दुकानात जायचं आणि वसंतात तो म्हणेल त्या अटीवर राबायचं. ज्या घरातल्या फळीवर शेंगा, टोमॅटो आणि नासपतीच्या बरण्या ओळीने उभ्या, त्या घरातली बाई हिवाळ्यात मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत होती. एवढंच. एवढंच म्हणजे किती! बायकांनी मंडळ काढलं. चर्चमागे बरण्या लावायची खोली उभी केली. प्रत्येक घराने रानातला एक ओंडका द्यायचा, पुरुषांनी कामावरून आल्यावर तो कापायचा. चूल बंद पडलेल्या गिरणीतून उचलून आणली. आणि मग त्या बायकांनी काय केलं, तर शाळेचे चार महिने संपले तरी मास्तरणीला जाऊ दिलं नाही. पाळीपाळीने आपल्या बरण्यांवर तिला आणखी दोन महिने पोसलं. सरकारने चार महिन्यांची शाळा दिली, वरचे दोन महिने बायकांच्या फळीवरून आले. डेनिसची आई त्या दोन महिन्यांत भागाकार शिकली.

आईने गॅस बारीक केला. तिच्या शाळेतल्या इंग्रजीत, अडखळत पण हट्टाने, तिने सांगितलं की तिच्या वडिलांच्या वस्तीतही असंच होतं. मुलांच्या वसतिगृहासाठी घरटी रोज मूठभर ज्वारी बाजूला निघायची. ज्या घरात रात्रीला भाकर नसायची त्या घरातूनही निघायची. डेनिसने विचारलं, कोणती वर्षं? दोघींनी बोटांवर हिशोब मांडला. तीच वर्षं निघाली. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, आणि मला हसू येईना.

कारण हे ऐकलं की लोक भारावतात. डेनिसच्या व्याख्यानाला मी गेले होते. शेवटी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, 'वुंडरबार, केवढी प्रेरणादायी गोष्ट आहे ही!' डेनिस शांतपणे म्हणाली, 'शाळेचा कर त्या बायकांनीही भरला होता. तो कुणाच्या शाळेला गेला, हे आधी विचारा. मग प्रेरणा घ्या.' मला उठून शिट्टी मारावीशी वाटली. दार लावून घ्यायचं, आणि बाहेरच्याने स्वतःचं छप्पर स्वतः उभारलं की खिडकीतून टाळ्या वाजवायच्या! स्वावलंबन, जिद्द, काय ते शब्द. कोणी हौसेने तळघरात टेबल मांडतं का? आमच्या लोकांचंही असंच कौतुक होतं, 'शिकलात हो तुम्ही लोक, मानलं पाहिजे.' त्या 'तुम्ही लोक'मध्ये सगळं येतं.

एक गोष्ट डेनिसने उशिरा सांगितली. दर शरदात गावात शेतकी प्रदर्शन भरायचं. गोऱ्या बायकांच्या बरण्या मुख्य मांडवात, काळ्यांच्या मागे गुरांच्या शेडमध्ये, तेही शेवटच्या दिवशी. आजी एका गोऱ्या घरात स्वयंपाकाला होती. एका वर्षी त्या घरच्या बाईने आजीच्या नासपतीची बरणी उचलली, आपल्या नावाची चिठ्ठी लावली आणि मुख्य मांडवात पहिला नंबर मिळवला. मग बायकांनी स्वतःचं प्रदर्शन चर्चच्या अंगणात भरवलं. परीक्षक त्यांचे, रिबनी कोंड्याच्या पोत्याच्या कापडाच्या, घरी रंगवलेल्या.

'पहिल्या नंबराची रिबन कोणत्या रंगाची?' आईने विचारलं.

'निळी.'

'निळीच?' आई म्हणाली आणि असं हसली की विचारू नका. निळा आमचा रंग. मग तो कसा, का, हे डेनिसला समजावण्यात एक पातेलं जवळजवळ करपलं.

त्याच आठवड्यात मंडळाची शीट आली. आईने चष्मा लावून लॅपटॉपवर वाचली.

'आपल्याकडे काहून प्लेटा?'

मी लॅबचं कारण सांगितलं. एकटी असते म्हणून, मेघनाताई काळजी करतात म्हणून.

'मागच्या वर्षी काय होतं?'

'प्लेट्स.'

'त्याच्या आधी?'

तिने शीटवर बोट ठेवलं. 'हा पुण्याचा पोरगा, स्टुडंट लिहिलंय, हा एकटा नाही राहत?'

'राहतो.'

'याच्याकडे गाजराचा हलवा आहे.'

होता. त्याला अंडंसुद्धा नीट उकडता यायचं नाही. मेघनाताई त्याला फोनवर उभ्या उभ्या हलवा सांगायच्या, 'आता वेलची घाल रे.' हे मला माहीत होतं. इतके दिवस माहीत होतं. आईने चष्मा काढला आणि एवढंच म्हणाली, 'मेथांबा नेऊ. कळव त्यांना.'

कळवलं. 'अगं काकू पाहुण्या, त्यांना कशाला त्रास,' मेघनाताई म्हणाल्या. आणि मग, 'बरं, हौस असेल तर आणा.'

डेनिसला हे सांगितलं तेव्हा तिला एक गोष्ट समजेना. 'पण तुमच्यात फरक दिसत नाही. त्यांना कळतं कसं?' म्हटलं, आडनावावरून. मग मीच पुढे बोलले. तुमच्याकडे रोजचं अन्न काळ्या हातचं चालायचं, शेजारी बसलेला माणूस चालायचा नाही. आमच्याकडे शेजारी बसवतात, हसतात, रजई देतात, हातचं चालत नाही. कुठलं बरं, असं विचारू नकोस. दोन्हींना आग लावली पाहिजे.

मेळावा चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. आईने मोरपिशी काठाची साडी नेसली होती. सहा बरण्या ट्राममधून मांडीवर धरून नेल्या. टेबलाच्या कडेला, अळूवडीजवळ, आईने स्वतः त्या ओळीने मांडल्या आणि शेजारी एक चमचा ठेवला. कार्यक्रम छान झाला. मुलांनी गाणी म्हटली, मध्येच जर्मनमध्ये भांडली. लोक जेवले. मी तीन वेळा टेबलाजवळून गेले. चमचा जिथे ठेवला होता तिथेच, तसाच कोरडा.

शेवटी मेघनाताई आल्या, आईचे दोन्ही हात हातात घेतले. 'काकू, काय अप्रतिम मेथांबा! सगळ्यांनी अगदी बोटं चाटून खाल्ला हो!'

त्यांच्या मागे टेबलावर सहा बरण्या. सहाच्या सहा काठापर्यंत भरलेल्या, रबराच्या जिभा जशा आम्ही दाबल्या होत्या तशा. झाकण काचेचं. आतलं सगळं दिसत होतं. निदान एक उघडून दोन चमचे बेसिनमध्ये तरी टाकायचे! एवढीसुद्धा तसदी नाही. खोटंसुद्धा नीट बोलावंसं वाटलं नाही, एवढी आमची किंमत.

आईने माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं वर्गात पोरांकडे जशी बघत आली तशी. उत्तर येतंय तुला, बोल, अशी. आणि मी म्हणाले, 'थँक यू, मेघनाताई.'

हो. थँक यू म्हणाले. सवयीने, भीतीने, म्हणा काय म्हणायचं ते. या गावात मराठी बोलणारी तेवढीच घरं होती. आजारी पडले तर खिचडी घेऊन येईल अशी माणसं तेवढीच होती. ती तुटली तर रविवार कसे काढायचे, हा हिशोब माझ्या डोक्यात त्या एका क्षणात झाला असणार. मूग गिळून बसणं निराळं. मी तर वर आभार मानले.

परतीच्या ट्राममध्ये बरण्या पुन्हा मांडीवर. घरी डेनिस वाट बघत होती. बरण्या बघून तिला सांगावं लागलं नाही. तिने एक घेतली, जीभ ओढली, आवाज झाला, आणि ती पावाला लावून तीन तुकडे उभ्याने खाल्ले. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. आई तेव्हा माझ्याकडे वळली. 'त्यांचं मला काही वाटलं नाही. त्यांना मी साठ वर्षं ओळखते. तू थँक यू म्हणालीस.'

ती पंधरा दिवसांनी परत गेली. फोनवर आम्ही दर रविवारी बोलतो. त्या दिवसाबद्दल तिने नंतर शब्द काढलेला नाही, आणि हे न काढणं मला पुरून उरलं आहे. गेल्या वर्षी मी 'बाहेरगावी आहे' असं मंडळाला खोटं कळवलं आणि घरात पडदे लावून बसले. एप्रिलमध्ये कार्ल्सरूहेला आपली पाच-सात घरं जमतात जयंतीला. मी जाते. तिथे माझ्या हातचं भांडं रिकामं होऊन परत येतं, बरं वाटतं. पण आमचं अंगण आम्ही भरवलं म्हणून तुमचा मांडव धुतला जात नाही.

हे मला डेनिसच्या आजीने शिकवलं. स्वतःचं प्रदर्शन सुरू झाल्यावर, तिथे निळी रिबन मिळाल्यावरही, ती म्हातारी दर वर्षी एक बरणी गोऱ्यांच्या मुख्य मांडवात पाठवायची. स्वतःचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहून. दर वर्षी ती परत यायची. घरचे म्हणायचे, कशाला अपमान करून घेतेस? ती म्हणायची, 'अपमान माझा नाही. त्यांना दर वर्षी तोंडाने नाही म्हणावं लागतं. ते मी फुकट सोडणार नाही.' डेनिसने जाण्याआधी, सामान बांधता बांधता, हे सांगितलं होतं. तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

काल ईमेल आली, आणि आज शनिवार. सकाळपासून तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. पहिल्यांदा फार चिडून लिहिलं गेलं, दुसऱ्यांदा इतकं सभ्य झालं की माझं मलाच हसू आलं. मग 'रिप्लाय ऑल' दाबून लिहिलं:

'मेघनाताई आणि सर्वजण, माझ्या नावापुढच्या प्लेट्स काढून टाका. मी मेथांबा आणणार आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईने सहा बरण्या आणल्या होत्या. सहाही न उघडता आम्ही घरी परत नेल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी खाल्ला असं आईला सांगितलं गेलं. का खाल्ला नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. या वेळी मी बरणी तुमच्यासमोर उघडेन. नको असेल तर तोंडाने नको म्हणा. त्या दिवशी मी थँक यू म्हणाले होते. ते मी परत घेते आहे.'

खाली पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. पाठवलं, आणि लगेच नागपूरला फोन लावला. आईला वाचून दाखवलं.

'कोणाकोणाला गेलं हे?' तिने विचारलं.

'सगळ्यांना.'

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती नीट बसली असावी.

'पुन्हा वाच,' आई म्हणाली. 'सावकाश.'